‘माणसे चांगली आहेत, पण कल्चर वेगळे आहे’

वाचकाचे पत्र, ओळख पटेल असा तपशील वगळून आणि संक्षेपाने : सांगलीहून एका भगिनीने लिहिले आहे. पती काही वर्षांपूर्वी वारले. त्या स्वतः एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीव विभागात तंत्रज्ञ आहेत. घरात सासूबाई आहेत आणि शेजारच्याच घरात थोरले दीर राहतात. एकुलती एक मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्याच कंपनीतल्या, मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या मुलाशी तिला लग्न करायचे आहे. मुलाचे वडील एसटीचे निवृत्त चालक आहेत, आई घर आणि शेती पाहते. जात वेगळी आहे आणि त्यांच्या घरात मांसाहार चालतो. दोन्ही कुटुंबे पुण्यात एकदा भेटली. मुलाची आई मोकळेपणाने बोलली, ‘आमच्याकडे महालक्ष्म्या मोठ्या असतात, पोरीला दाखवायला आणा,’ म्हणाली. परतताना गाडीत दीर म्हणाले, “माणसे चांगली आहेत, पण कल्चर वेगळे आहे. प्रश्न जातीचा नाही, पण हे जुळणार नाही.” सासूबाई म्हणतात की आपली संस्कृती या घराबरोबरच संपेल, गौरीचे खडे आणायलाही कोणी उरणार नाही. मुलगी म्हणते, “आमच्या दोघांचे कल्चर एकच आहे, आम्ही रोज एकत्र काम करतो.” भगिनी लिहितात, “माझ्या कामात कल्चर या शब्दाला एकच अर्थ आहे आणि तो मला नीट कळतो. घरात मात्र जो तो हा शब्द उच्चारतो आणि माझे बोलणे तिथेच खुंटते. कल्चर जुळत नसेल तर संसार टिकतो का? मी मुलीला थांबवू का?”

ताई,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, पण त्याआधी तुमच्या पत्रातले एक गृहीतक तपासून पाहू. कल्चर नावाची एक वस्तू प्रत्येक घरात असते, ती दुसऱ्या घराच्या वस्तूशी जुळते किंवा जुळत नाही, आणि हे जुळणे पत्रिकेतल्या गुणांसारखे आधीच मोजता येते, असे तुमच्या घरातल्या सगळ्यांनीच धरून चालले आहे. तुमचे दीर तसे धरतात, तुमची मुलगीही धरते, आणि थोडेसे तुम्हीही. प्रत्यक्षात त्या दिवसापासून तुमच्या घरात एका शब्दाआड किमान चार वेगवेगळ्या गोष्टी बोलल्या जात आहेत, आणि प्रत्येकाला वाटते आहे की समोरचा त्याच गोष्टीबद्दल बोलतो आहे. तुमचे बोलणे खुंटते ते यामुळे. त्यात तुमच्या समजुतीचा दोष नाही.

लघवीच्या नमुन्यात एकाच वेळी तीन-चार प्रकारचे जंतू उगवले, तर तुम्ही त्यावर औषध सुचवत नाही. संमिश्र वाढ आहे, नमुना दूषित असावा, पुन्हा पाठवा, असा शेरा तुम्ही लिहिता, आणि तो शेरा लिहिणे हेच त्या वेळी जबाबदारीचे काम असते. दिरांच्या त्या एका वाक्यावर निर्णय घेण्यापूर्वी नेमके हेच करायला हवे, असे मला वाटते.

हा शब्द इतका संमिश्र का झाला, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यातूनच तुमच्या अडचणीचा गाभा दिसतो. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ जमिनीची मशागत, जोपासना. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वक्ता सिसेरो याने तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटले आणि शेतातला शब्द माणसाच्या आत आणला. तुमच्या प्रयोगशाळेतला अर्थ या जुन्या मुळाला सर्वांत जवळचा आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८० च्या दशकात जंतू पोषक थरावर वाढवण्याची पद्धत बसली, तिथेच फॅनी हेस यांच्या सूचनेवरून अगर हा गोठणारा पदार्थ वापरात आला आणि १८८७ साली पेट्री यांनी ती झाकणाची ताटली सुचवली. पोषण द्यायचे, ऊब द्यायची, वाढू द्यायचे, एवढाच तो अर्थ. त्याला चांगले-वाईट, वरचे-खालचे असे काही चिकटलेले नाही, आणि म्हणूनच तो तुम्हाला सोपा वाटतो.

गुंता झाला तो माणसांविषयी बोलताना. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या शब्दाचे दोन अर्थ जवळजवळ एकाच वेळी पक्के झाले. कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांनी १८६९ मध्ये मांडलेल्या अर्थानुसार, जगात जे उत्तमोत्तम विचारले आणि बोलले गेले त्याची ओळख करून घेणे म्हणजे कल्चर. हा अर्थ एकवचनी आहे. कल्चर ही एकच उंच जागा आहे, कोणी तिथे पोचलेला असतो, कोणी नसतो. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, एडवर्ड टायलर यांनी मानवशास्त्रासाठी निराळी व्याख्या केली : समाजाचा घटक म्हणून माणूस जे ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि सवयी मिळवतो, तो सगळा समुच्चय म्हणजे कल्चर. टायलर यांच्याही मनात समाजांच्या पायऱ्यांची उतरंड होतीच, पण पुढे मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती उतरंड नाकारली आणि या शब्दाचे अनेकवचन रूढ केले. या अर्थाने ज्याला कल्चर नाही असा माणूसच जगात नाही. चूल कशी पेटवतात, मेलेल्यांना काय म्हणून हाक मारतात, पाहुण्याला पाणी आधी देतात की गूळ आधी, हे सगळे त्यात येते. १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी या शब्दाच्या १६४ व्याख्या गोळा केल्या, आणि १९७६ मध्ये समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी लिहिले की इंग्रजीतल्या सर्वांत गुंतागुंतीच्या दोन-तीन शब्दांपैकी हा एक आहे. तेव्हा तो तुमच्या दिवाणखान्यात सुटला नाही, याचे फार वाईट वाटून घेऊ नका.

आता दिरांचे वाक्य पुन्हा वाचा. “कल्चर वेगळे आहे.” वेगळे म्हटले की वाक्य सभ्य होते, कारण ते अनेकवचनी अर्थाचे वाटते. तुमचे तुमच्या जागी, आमचे आमच्या जागी. पण ‘माणसे चांगली आहेत, पण’ या सुरुवातीत जो ‘पण’ आहे, तो अर्नोल्ड यांच्या एकवचनी अर्थाचा आहे. वेगळे म्हणताना त्यांच्या मनात कमी असे असावे. केवळ वेगळेपणाची अडचण असती तर नेमके काय वेगळे आहे ते त्यांना सांगता आले असते, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींवर त्याच गाडीत तोडगाही निघाला असता. लग्नाच्या बोलणीत हा शब्द इतका आवडीचा होण्याचे कारण हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो उच्चारणाऱ्याला समतेच्या भाषेत प्रतवारी करू देतो, आणि ऐकणाऱ्याला त्यावर बोटही ठेवता येत नाही.

तुमच्या दिरांना वाईट ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचा सांगलीचा अभिमान खराच असणार. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले, गाणे आणि नाटक या गावाने अंगावर वागवले आहे, आणि आपल्या घरात पेटी आणि पुस्तके आहेत याचा आनंद मानण्यात गैर काही नाही. लातूरकडची माणसे भेटल्यावर त्यांना जे परके वाटले, त्याचेही खरे कारण असू शकेल. सांगली पटवर्धनांचे संस्थान होते, तर लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिकडच्या आजोबांच्या पिढीचे शिक्षण, कचेरीचा व्यवहार, कागदपत्रे उर्दूत होती. शाळा कमी होत्या. बोलीत उर्दूचे आणि कानडीचे रंग आले. तीस वर्षांच्या मुलाला त्याची आई चारचौघांत ‘लेकरू’ म्हणते आणि ‘काय करायलास’ असे विचारते, ते सांगलीच्या कानाला खेडवळ वाटते, पण ती मराठीची तितकीच जुनी, तितकीच नियमबद्ध बोली आहे. हा फरक इतिहासाने घडवलेला आहे. त्यात कोणाचे वळण चांगले आणि कोणाचे वाईट हे ठरत नाही.

मुलाच्या आईला ओव्या येतात की नाही, हे तुमच्या पत्रात नाही, पण तिच्या वयाच्या आणि शेतीघरातल्या बाईला दहा-वीस ओव्या येत असण्याची शक्यता मोठी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. भाऊ, माहेर, पाऊस, पंढरी, नवऱ्याचा मार, बाबासाहेब आंबेडकर, असे सगळे विषय त्यांत आहेत. याच ओव्या अभ्यासकाने नोंदवल्या की लोकसंस्कृती ठरतात, आणि त्या म्हणणारी बाई व्याही म्हणून समोर बसली की तिचे कल्चर वेगळे ठरते. यावर तुमच्या घरात शांतपणे बोलणे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पण इथे एक धोकाही आहे. तुम्ही दिरांना सांगाल की एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडच्या, मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला, आणि आपल्या देवघरात रोज म्हटले जाते त्यातले कितीतरी मराठवाड्यातून आलेले आहे. हे सगळे खरे आहे आणि सांगायलाही हरकत नाही. मात्र मुलाच्या कुटुंबाला तुमच्या घरात यायचे असेल तर त्यांनी संतांची यादी दाखवून आपली योग्यता सिद्ध करावी, अशी अट त्यातून नकळत तयार होते. निवृत्त एसटीचालकाच्या घराला तशा पुराव्याची गरज नाही. ज्याने तीस-पस्तीस वर्षे घाटातून आणि पावसातून माणसे सुखरूप पोचवली, त्याच्या घरात शिस्त, जबाबदारी आणि माणसांची कदर कशी आली असेल, हे जाऊन पाहण्यासारखे आहे.

मराठीत ‘संस्कृती’ हा शब्द आपण निर्धास्तपणे कल्चरच्या जागी वापरतो, पण ती सांगडही फार जुनी नाही. बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी लिहून ठेवले आहे की १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून त्यांनी हा शब्द या अर्थाने प्रथम ऐकला. बंगालीत तेव्हा ‘कृष्टी’ हा शब्द चालत होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांना तो मुळीच आवडत नव्हता. ‘संस्कृती’ त्यांना पसंत पडला. म्हणजे पूर्वेकडे हा शब्द पोचवण्यात मराठी माणसाचा हात आहे. आपण मात्र त्याबरोबर इंग्रजी शब्दाचा सगळा गुंताही उचलला. ‘सुसंस्कृत घराणे’ म्हणताना आपण अर्नोल्ड यांच्या बाजूला असतो, ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणताना गाणे-नाचापुरते बोलतो, आणि ‘आदिवासी संस्कृती’ म्हणताना टायलर आणि बोआस यांच्या. आपल्या राज्यघटनेने यातली बाजू निवडलेली आहे. अनुच्छेद २९ प्रत्येक नागरिकगटाला आपली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो, आणि अनुच्छेद ५१ क संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे कर्तव्य सांगतो. तिथे कोणाची संस्कृती वरची, असा प्रश्नच उभा केलेला नाही.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे यावे लागेल. “प्रश्न जातीचा नाही.” ताई, हे कोणी विचारले होते का? तुमच्या पत्रात तरी कोणी विचारल्याचे दिसत नाही. न विचारता दिलेले उत्तर बहुधा मनातल्या प्रश्नाचे असते. शिकलेल्या, भल्या घरांत आता जात हा शब्द उघडपणे उच्चारायला माणसे लाजतात, आणि ही लाज चांगलीच आहे, पण मनातली अढी गेली नाही तर ती दुसरा शब्द शोधते. खाणेपिणे, राहणीमान, बोलणे, आणि या सर्वांना झाकणारे कल्चर. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि आयोजकांनी रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात, आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय असल्याचे म्हटले होते. तुमच्या मुलीचे लग्न हे सामाजिक प्रयोग म्हणून व्हावे, असे मी म्हणणार नाही, कारण दोन माणसांनी एकमेकांसाठी लग्न करावे. पण आडकाठी जातीची असेल तर तिला जात म्हणावे. तसे म्हटल्यावर ती मान्य करायची की नाही, हे तुम्हाला स्पष्ट मनाने ठरवता येईल. तिला कल्चर म्हणत राहिलात, तर तुम्ही एका अशा गोष्टीशी भांडत राहाल जी कोणी बोललेलीच नाही.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मला वेगळे वाटते, आणि ते दिरांच्या म्हणण्यात मिसळू नये. त्यांच्या तोंडी संस्कृती म्हणजे प्रतिष्ठा नाही. भाद्रपदात पाणवठ्यावरून आणलेले खडे, तोंडातून शब्द न काढता घरात यायचे, हळदीकुंकवाच्या पावलांवरून, मग दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य, हे त्यांनी इतकी वर्षे केले आहे. ते आपल्यामागे कोणी करणार नाही, हे दुःख खरे आहे आणि त्याला मान द्यायला हवा. पण त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट हळुवारपणे पुढे ठेवा. गेली पंचवीस-तीस वर्षे ते खडे आणते कोण? रुग्णालयाची पाळी सांभाळून पहाटे उठून नैवेद्य रांधते कोण? ज्याला आपण घराची संस्कृती म्हणतो, ती बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या कष्टांवर उभी असते, आणि तिच्याविषयी निर्णय देणारा आवाज मात्र दुसऱ्याचा असतो. संस्कृती बुडण्याची भीती असेल, तर ते काम पुढे कोण आणि कसे करणार याची वाटणी आजच करता येते. मुलीला शिकवता येईल, येणाऱ्या जावयालाही शिकवता येईल. गौरी माहेरपणाला येते असे आपण मानतो, तेव्हा मुलीने त्या दिवसांत सांगलीला येण्यात काहीच अवघड नाही.

शिवाय लातूरच्या घरात हाच सण महालक्ष्म्या म्हणून होतो. तिथे खडे नसतात, मुखवट्यांच्या ज्येष्ठा-कनिष्ठा साड्या नेसवून उभ्या करतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील असा थाट असतो. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत तुमच्या मुलीला ते पाहायला बोलावले. माझ्या मते त्या भेटीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते होते, आणि गाडीत त्याची आठवण कोणी काढली नाही.

तुमच्या मुलीच्या बाजूने मी आहे, पण तिचेही वाक्य मला तपासून घ्यावेसे वाटते. तिच्या तोंडचे कल्चर हे कार्यालयाचे आहे. हा अर्थ तर अगदीच अलीकडचा. १९५१ मध्ये एलियट जॅक्स यांनी लंडनमधल्या एका कारखान्याचा अभ्यास लिहिताना कारखान्याच्या कल्चरविषयी लिहिले, आणि १९८० च्या दशकात व्यवस्थापनाच्या लोकांनी तो शब्द उचलून धरला. एडगर शाईन यांनी १९८५ मध्ये त्याचे तीन थर सांगितले : वरचा, डोळ्यांना दिसणारा, मधला, लोक जी मूल्ये बोलून दाखवतात तो, आणि सर्वांत खालचा, जो इतका गृहीत धरलेला असतो की त्याच्यावर कोणी बोलतच नाही. तुमची मुलगी आणि तो मुलगा वरच्या दोन थरांवर नक्कीच एक आहेत. सारखी बोली, सारखे विनोद, साहेबाला नावाने हाक, उशिरापर्यंत काम. पण संसार तिसऱ्या थरावर चालतो. आई आजारी पडली तर रजा कोणी घ्यायची, पगारातून घरी किती पाठवायचे आणि ते सांगून की न सांगता, घरात मटण शिजेल का, शिजले तर कोणत्या भांड्यात, मुलगी झाली तर दुसऱ्या मुलाचा आग्रह धरला जाईल का, सासरे आले की डोक्यावर पदर लागेल का, हे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कधीच समोर येत नाही. एका कार्यालयात असणे म्हणजे या प्रश्नांची उत्तरे सारखी असणे नव्हे. एकाच जातीतल्या, एकाच गावातल्या लग्नांतही ती उत्तरे सारखी नसतात, आणि बरेच संसार तिथेच अडखळतात, हे दिरांनीही लक्षात घ्यावे.

तर मग करायचे काय? पहिली गोष्ट अशी की एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि तेवढ्यापुरते कल्चर आणि संस्कृती हे दोन्ही शब्द बाजूला ठेवायला सांगा. मराठीत त्यांच्याऐवजी कितीतरी नेमके शब्द आहेत. वळण म्हणायचे आहे का? रीतभात? कुळाचार? खाणे? बोली? शिक्षण? ऐपत? जात? यांतला कोणता शब्द, हे ज्याने त्याने निवडावे आणि त्यापुढे एक उदाहरण द्यावे, जे त्या भेटीत त्याने स्वतः पाहिले किंवा ऐकले. उदाहरण सुचले नाही तर तो आक्षेप तात्पुरता बाजूला ठेवावा. दीर कदाचित चिडतील. चिडू द्या, पण विषय सोडू नका, आणि आवाजही चढवू नका. खाण्याचा प्रश्न निघाला तर तो सुटण्याजोगा आहे, कारण मुलगी आणि जावई पुण्यात राहणार आहेत आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा नियम त्यांनीच ठरवायचा आहे. ऐपतीचा निघाला तर दोघांचे पगार आणि कर्जे यांवर बोलता येईल. जातीचा निघाला तर निदान तो मांडला गेला.

दुसरे, मुलीला आणि मुलाला वर लिहिलेले प्रश्न कागदावर द्या आणि दोघांना वेगवेगळे बसून उत्तरे लिहायला सांगा. मग ती उत्तरे त्यांनी एकमेकांना दाखवावीत, तुम्हाला नव्हे. जिथे उत्तरे जुळत नाहीत तिथे लग्न मोडायचे असे नाही. तिथे बोलायचे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र एका बाबतीत तडजोड नको. तिची नोकरी, तिचा पगार आणि तिचे माहेरी येणे-जाणे यांवर कोणाची परवानगी लागणार असेल, मग ती कितीही प्रेमळ शब्दांत मागितलेली असो, तर ते लग्नाआधी स्पष्ट झाले पाहिजे. हा प्रश्न लातूरच्या मुलाला जसा विचाराल, तसाच सांगलीच्या, स्वजातीच्या, पेटी वाजवणाऱ्या घरातल्या मुलालाही विचारा.

तिसरे, त्यांच्या घरी जा, आणि कांदेपोहे खाऊन तासाभरात उठण्यासाठी जाऊ नका. मुक्काम करा. सण नसलेला, साधा दिवस निवडा. जेवण आधी कोणाला वाढले जाते, मुलगा स्वतःचे ताट उचलतो का, वडील आईचे बोलणे मध्येच तोडतात का, घरी आलेल्या गड्याला चहा कोणत्या कपात दिला जातो, हे पाहा. ज्या घरात तुमची मुलगी नाते जोडणार आहे, तिथला खालचा थर अशा गोष्टींत दिसतो. आणि त्यांनाही सांगलीला बोलवा, म्हणजे त्यांनाही तुमच्याकडे हेच पाहता येईल. त्यांच्याही मनात शंका असतील, आणि त्या विचारण्याचा त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे.

मुलीला थांबवू का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. तिच्याकडून थोडा वेळ मागून घ्या, वरचे बोलणे होण्यापुरता, आणि त्याची मुदत आधीच ठरवा, कारण बेमुदत थांब म्हणणे हा नकाराचाच एक प्रकार आहे आणि तो मुलींना फार लवकर कळतो. कायद्याने दोघे सज्ञान आहेत. भिन्न जातींच्या हिंदूंचे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार वैध असते, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार करायचे झाले तर विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. दोन सज्ञान व्यक्तींनी ठरवल्यावर कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. हे मी धाकासाठी सांगत नाही. निर्णय मुळात कोणाचा आहे, याचे भान घरात असावे म्हणून सांगतो. दिरांचे वडीलपण मानाचे आहे, त्यांनी तुमच्या कठीण काळात आधारही दिला असेल, पण तिची आई तुम्ही आहात, आणि पत्रात तुमचे स्वतःचे मत मला कुठेच सापडले नाही. तुम्हाला तो मुलगा कसा वाटला? पुढचे बोलणे करण्यापूर्वी हे एकदा स्वतःशी ठरवा.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी काही जण या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला असतील, ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला ‘कल्चर वेगळे’ म्हणून नकार आला आहे. त्यांना माझे सांगणे असे की आपल्या घराची बाजू मांडायला, आपणही किती सुसंस्कृत आहोत हे दाखवायला धावू नका. शांतपणे एवढेच विचारा : नेमके काय वेगळे वाटले, ते सांगाल का? उत्तर आले तर त्यावर विचार करता येईल. आले नाही, तर त्या नकाराचा भार तुमच्या घराने वाहायचे कारण नाही.

आणि ताई, लातूरला जायचे ठरले की मुलाच्या आईला फोन तुम्ही स्वतः करा. निरोप दिरांकरवी किंवा मुलांकरवी पाठवू नका. महालक्ष्म्यांचे त्यांचे आमंत्रण तुमच्या लक्षात आहे, हे आधी सांगा, आणि मग साध्या दिवसाच्या मुक्कामाविषयी विचारा.